कानात की कपाटात?

(रौप्यमहोत्सवी वर्षातील ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज एक कबुली देतो. आपल्या वार्षिक सभेत मी कितीतरी ठरावांना हात वर केला, तो ठराव ऐकून नव्हे, शेजाऱ्याचा हात वर गेलेला पाहून!

हे सोंग उघडं पडलं ते आपल्या नागझिऱ्याच्या सहलीत. जिप्सी थांबली. चितळानं धोक्याची हाक दिली, असं सगळे म्हणाले. नात कुजबुजली, "आजोबा, ऐकलंत?" मी मान हलवली. ऐकलं काहीच नव्हतं. वयोमानानं बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात. पाखरं जातात, नातवंडांचं बोलणं जातं. नात मात्र फसली नाही.

परत आल्यावर कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. आधी मळ तपासला, मग ऑडिओग्राम काढला. पुढं प्रश्न आला, मशीन कोणती?

खिशातली मशीन स्वस्त. बटणं मोठी, साधा पेन्सिल सेल चालतो. पण वायर लोंबते आणि सदरा घासला की खरखर होते. कानाच्या आत पूर्ण बसणारी कुणाला दिसत नाही, म्हणून मी लाजेपोटी तीच घेतली. तिचा सेल डाळीच्या दाण्याएवढा, आठवड्याच्या आत संपणारा. माझी बोटं थरथरतात. सेल पलंगाखाली, मी सेलच्या मागे! त्यात मळानं ती बंद पडायची. शेवटी कपाटात गेली.

आता कानामागची वापरतो. सेल मोठा, हाताळायला सोपी, जास्त बहिरेपणालाही चालते. घामाला मात्र जपावं लागतं. रोज पुसून, रात्री उघडून ठेवतो. हिचाच एक हलका प्रकार आहे, त्यात स्पीकर बारीक तारेनं कानात जातो. तो नाजूक दिसतो, पण मळाचा त्रास तिथंही आहेच. चार्जिंगची मशीन असेल तर सेल बदलायची कटकट नाही. पण वीज नसलेल्या मुक्कामी सेलवालीच बरी.

बँकेत आम्ही कर्जदाराची ऐपत आणि गरज दोन्ही बघायचो. इथंही तेच. कानाचा रिपोर्ट, बोटांची ताकद आणि खिसा, तिन्ही बघा. घेण्याआधी लावून बघायला मागा. पहिले काही आठवडे भांड्यांचा आवाजही नकोसा होतो, धीर धरा. आणि एका कानाचं ऐकणं अचानक गेलं, तर मशीनच्या दुकानात नको, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा नागझिऱ्याला गेलो. चालत्या जिप्सीत वाऱ्यानं मशीन घोंघावली, हे खरं. पण तलावाजवळ गाडी थांबली आणि नात अगदी हळू म्हणाली, "आजोबा, चितळ." वाघ काही दिसला नाही. पण तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

तेव्हा मंडळी, चष्मा लावताना लाजलो नाही, मग इथं कसली लाज? येत्या सभेत माझा हात ठराव ऐकूनच वर जाईल. कदाचित जाणारही नाही! सेक्रेटरी साहेबांनी नोंद घ्यावी.