शिबिरातला संडास कोण धुणार?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘मुलांची निवासी शिबिरं आणि संस्कार’. मी मात्र शिबिरातल्या संडासाबद्दल बोलणार आहे. (हशा) हसा, पण शिबिराची मूल्यं मला कामवाटपाच्या तक्त्यातच दिसतात. प्रार्थना, बौद्धिकं त्यानंतर.

राष्ट्र सेवा दल १९४१ साली पुण्यात उभं राहिलं, एस. एम. जोशी दलप्रमुख, मुलं-मुली एका शाखेत, जात विचारायची नाही. समोरच्या ज्येष्ठांना हे पाठ आहे. तरुणांसाठीच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला तर तुमच्यातले कितीतरी जण जाऊन आलेत. मूल तालुक्यातलं मे महिन्याचं ऊन मी काय वर्णन करून सांगू?

पण त्या छावणीमागचे बाबा आमटे आधी वरोऱ्याचे उपनगराध्यक्ष होते, वकील होते, जमीनदाराघरचे होते. सफाई कामगारांची बाजू घेतली तेव्हा त्यांनी स्वतः डोक्यावरून मैला वाहिला. एक दिवस नव्हे, कित्येक महिने. त्याच काळात वाटेवर कुष्ठानं झडलेला तुळशीराम दिसला आणि पुढचं आनंदवन घडलं. यातलं एक लक्षात घ्या. ज्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या मैला दुसऱ्याला उचलायला लावला, त्या घरातला माणूस तो उचलत होता.

आता एक प्रसंग. थोडक्यात सांगते म्हणाले होते, पण सांगू द्या. नागपूरजवळच्या एका शिबिरात सगळ्यांना सारखी पाळी होती. सातवीतली एक मुलगी बादली-खराट्यापाशी येऊन थांबली. ‘ताई, माझी आई रोज हेच करते. मी इथं नाही करणार.’ शिबिरप्रमुख चिडले. नियम सगळ्यांना एक! स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या ताईंनी काही न बोलता तिला आत नेलं, हात धुवायला लावले आणि वरणाला फोडणी घालायला दिली. जिरं तडतडलं तशी ती दचकून मागे सरली, मग डाव घट्ट धरून पुढे झाली. दुपारी पंगतीत तिनंच वाढलं. खराटा घेतला धरमपेठेतल्या एका मुलानं. फिनेलच्या वासानं त्याचे डोळे पाणावले, पण फरशी त्यानं नीट घासली. (टाळ्या)

तेव्हापासून मी भांडते आहे. सारखी पाळी म्हणजे समता, हे मला मान्य नाही. ज्यांच्या घरी हे काम कधीच झालं नाही त्यांच्या हाती खराटा द्या. ज्यांच्या हातचं पाणी गावानं नाकारलं त्यांच्या हाती डाव द्या. तिसऱ्या रांगेतले काका मान हलवताहेत. तुम्ही म्हणाल, हा उलटा भेदभाव झाला. नाही काका. जात विचारायचीच नाही. पहिल्या संध्याकाळी प्रत्येक मुलाला एवढंच विचारा, घरी कुठलं काम कधीच केलं नाहीस? तेच त्याचं काम. मुलं खरं सांगतात.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. फीबद्दल बोलायचं राहिलंच. एवढंच म्हणते, ज्या मुलांची फी संस्था भरते त्यांची नावं शिबिरात कुणालाही कळता कामा नयेत, ताई-दादांनासुद्धा नाही. आणि आयोजकांपैकी कुणी इथं असेल तर पुढच्या उन्हाळ्याचा तक्ता करताना मला बोलवा. मी येईन.