पाणी मुरतंय कुठे?

वर्ध्याचा मे महिना, पारा 45 अंशांच्या आसपास. अशा उन्हात जुन्या गाडीतलं कूलंट दर आठवड्याला कमी होतं, पण जमिनीवर थेंबही दिसत नाही. मग पाणी मुरतंय कुठे?

तपासणी सकाळी, इंजिन थंड असताना करा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलंत, तर उकळता फवारा अंगावर येतो. आधी त्या झाकणाचं रबर पाहा. ते कडक झालं की दाब टिकत नाही. मग होजपाइपचे जोड आणि वॉटर पंपाखालचं बारीक छिद्र बघा. गळलेलं कूलंट गरम इंजिनावर सुकतं, मागे फक्त डाग उरतो. डॅशबोर्डखाली ओल, गोडसर वास, काचेवर चिकट धुकं? मग हीटरची जाळी गळतेय. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला किंवा ऑइल दुधाळ झालं, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. गाडी चालवू नका. काहीच सापडलं नाही, तर मेकॅनिककडून प्रेशर टेस्ट करून घ्या.

आणि बोअरचं पाणी ओतू नका. त्यातले क्षार नळ्यांत साचतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच वापरा. समृद्धी महामार्गावर निघण्याआधीची ही पाच मिनिटं तुमचं इंजिन वाचवतील.