मंदी आणि द्वारकेची खबरबात



द्वारका म्हटलं की आपल्या मनात सौराष्ट्रातली, समुद्रकाठची द्वारका उभी राहते. मी आज बोलणार आहे ती दिल्लीतल्या द्वारकेबद्दल. इंदिरा गांधी विमानतळाच्या पश्चिमेला पसरलेल्या या उपनगरीला एके काळी पप्पनकलां म्हणत. दिल्ली विकास प्राधिकरणाने, म्हणजे सगळे ज्याला डीडीए म्हणतात त्याने, पालम, काकरोला, पोचनपूर, अंबरहाई, बागडोला अशा गावांच्या शेतांवर ती आखली. साडेपाच हजार हेक्टरांहून अधिक जमीन, दहा लाख माणसं राहतील असा हिशेब, पेठांना नावांऐवजी सेक्टरांचे आकडे, आणि तीनशेच्या वर सहकारी गृहनिर्माण सोसायट्या. 2005च्या शेवटच्या दिवशी मेट्रो इथवर पोचली आणि द्वारका दिल्लीच्या हाताशी आली. बदलीवर आलेले केंद्र सरकारचे कर्मचारी, निवृत्त फौजी, बँकवाले, गुरुग्रामच्या कंपन्यांत जाणारी तरुण मंडळी इथे राहतात. मराठी घरंही त्यांत आहेत.

इथली मंदी पुष्कळदा विमानतळावरून येते. वैमानिक, केबिन क्रू, देखभालीचे इंजिनिअर, सामान चढवणारे, काउंटरवर बसणारे असे अनेक जण जवळ पडतं म्हणून द्वारकेत किंवा पालमच्या बाजूला घर घेतात. ऑक्टोबर 2012मध्ये किंगफिशरची विमानं जमिनीवर आली ती पुन्हा उडालीच नाहीत. 17 एप्रिल 2019च्या रात्री जेट एअरवेजचं शेवटचं उड्डाण झालं. 25 मार्च 2020पासून तर कोरोनाच्या टाळेबंदीमुळे दोन महिने देशातली सगळीच प्रवासी विमानं थांबली. मे 2023मध्ये गो फर्स्ट बंद पडली. वर्तमानपत्रात या बातम्या उद्योगाच्या पानावर येतात, कर्ज आणि दिवाळखोरीच्या भाषेत. द्वारकेत त्या पुढच्या महिन्याच्या एक तारखेला येतात. गाडी धुणाऱ्या मुलाला ‘अगले महीने से रहने दो’ असं सांगितलं जातं. पोळ्या करणाऱ्या बाईंचं संध्याकाळचं काम सुटतं. झाडाखाली टेबल मांडून बसलेल्या प्रेसवाल्याचं गाठोडं लहान होतं, आणि मेट्रो स्टेशनवरून ई-रिक्षाने येणारा माणूस चालत घरी येतो. कंपनीत ज्यांचा पगार बुडाला त्यांची निदान दावेदारांच्या यादीत नोंद होते. साखळीतल्या या पुढच्या माणसांची नोंद कोणत्याच यादीत होत नाही.

आता मला जो मुद्दा मांडायचा आहे तो असा. द्वारकेने बरे दिवस असताना सरकारवाचून जगण्याची सोय करून घेतली. नळाला पाणी नाही, मग टँकर. वीज गेली, मग सोसायटीचा जनरेटर. पोलीस दूर, मग फाटकावर गार्ड. सरकारी शाळा नको, मग खाजगी. मुनक कालव्याच्या पाण्यावरचा द्वारकेचा जलशुद्धीकरण प्रकल्प 2015मध्ये सुरू झाला, पण त्याआधीची कित्येक वर्षं इथल्या इमारतींनी टँकरवर काढली आहेत, आणि ती सवय पूर्ण सुटलेली नाही. ही सगळी सोय चालते ती दरमहाच्या मेंटेनन्सवर आणि फीवर. पगार आटला की मेंटेनन्स थकतो, फी थकते, आणि ज्याला आपण वर्षानुवर्षं टाळत आलो त्या सरकारी दारावर जावं लागतं. तिथे गेल्यावर कळतं की दारं बरीच आहेत आणि आपलं नेमकं कोणतं, हे सांगायला कोणी नाही.

मुंबई-पुण्याच्या श्रोत्यांना हे जरा समजावून सांगायला हवं. द्वारकेत मोठे रस्ते बांधले डीडीएने. डीडीए केंद्र सरकारच्या अखत्यारीत आणि त्याचे अध्यक्ष दिल्लीचे उपराज्यपाल. कचरा महापालिकेचा. पाणी दिल्ली जल बोर्डाचं, म्हणजे दिल्ली सरकारचं. रेशन आणि सरकारी रुग्णालयंही दिल्ली सरकारची. पोलीस केंद्रीय गृहमंत्रालयाचे. वीज खाजगी कंपनीची. रस्ता एकाचा आणि त्यावरचा झाडू दुसऱ्याचा असला की तक्रार या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरते. बरे दिवस असतात तेव्हा माणूस कंटाळून स्वतःच्या पैशाने काम उरकून घेतो. मंदीत तो मार्ग उरत नाही.

2020चा, टाळेबंदीतला एप्रिल आठवा. दिल्ली सरकारने शाळांमध्ये दोन वेळ शिजवलेलं जेवण द्यायला सुरुवात केली. दिवसाला दहा लाखांच्या आसपास माणसं जेवतील अशी तयारी असल्याचं सरकारने जाहीर केलं होतं. घोषणा टीव्हीवर झाली. कोणत्या सेक्टरातली कोणती शाळा, हे मात्र टीव्हीवर सांगत नव्हते. आमच्याकडे काम करणाऱ्या बाईंना तेव्हा फाटकातून आत येता येत नव्हतं. त्यांनी फोनवर विचारलं, ‘दीदी, खाना कौन-से स्कूल में मिल रहा है?’ मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न टाकला. तिथे त्या दिवशी इटलीतल्या मृतांचे आकडे होते, काढ्याच्या पाककृती होत्या, थाळ्या वाजवतानाचे व्हिडिओ होते. उत्तर कोणाकडेच नव्हतं. ते निघालं गार्डकडे, कारण त्याचा भाऊ तिथेच रांगेत उभा राहायचा. आमच्या ग्रुपवर पदव्यांची कमी नाही, हे जाता जाता सांगून ठेवते.

रेशनचंही तसंच झालं. दिल्लीत सुमारे 72 लाख लोक रेशनकार्डावर धान्य घेतात. पण बिहार, पूर्व उत्तर प्रदेश, बंगालमधून येऊन बिंदापूर, काकरोला, उत्तमनगरच्या भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या अनेकांचं कार्ड गावाकडे होतं. त्यांच्यासाठी सरकारने ई-कूपन काढलं: माणशी 4 किलो गहू आणि 1 किलो तांदूळ. योजना चांगली होती, मी तिला नावं ठेवणार नाही. पण कूपन मिळवायचं तर हातात इंटरनेट चालणारा फोन हवा, आधार हवं, ओटीपी यायला हवा, आणि संकेतस्थळ त्या घटकेला सुरू असायला हवं. ज्याच्या फोनमध्ये रिचार्ज संपला होता त्याच्यासाठी धान्य गोदामात असूनही नव्हतं. कुठल्याही राज्याचं कार्ड दिल्लीत चालण्याची सोय झाली ती पुढे, जुलै 2021मध्ये.

बांधकाम मजुरांची गोष्ट याहून बोचरी आहे. 1996च्या कायद्याप्रमाणे तेव्हा बांधकामाच्या खर्चावर उपकर घेतला जात होता, दिल्लीत एक टक्का, आणि तो मजुरांच्या कल्याण मंडळाकडे जमा होत होता. 2020मध्ये या मंडळातर्फे नोंदलेल्या मजुरांना 5,000 रुपये देण्यात आले. मजूर दिल्लीत लाखांनी आहेत. ज्यांची नोंदणी त्या वेळी चालू होती ते पन्नास हजारही भरत नव्हते. वर्षातून 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, नोंदणीचं नूतनीकरण वेळेवर करावं लागतं, आणि मुकादम हे सांगत नाही. द्वारकेच्या एवढ्या इमारती ज्यांनी उभ्या केल्या त्यांच्या नावावर कर गोळा होत राहिला. त्यांच्यापर्यंत पोचली नाही ती बातमी. ई-रिक्षा आणि ऑटोचालकांनाही 5,000 रुपये होते. पण ते बिल्ला आणि कागद असणाऱ्यांना.

सरकारची तिजोरी तरी कुठे भरलेली होती? 31 मे 2020ला तेव्हाचे उपमुख्यमंत्री मनीष सिसोदिया यांनी केंद्राकडे 5,000 कोटी मागितले. पगार आणि कार्यालयांचा खर्च भागवायलाच महिन्याला 3,500 कोटी लागतात, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याआधी 5 मेला दारूवर 70 टक्के कोरोना शुल्क बसलं होतं आणि डिझेलवरचा व्हॅट 16.75 टक्क्यांवरून 30 वर गेला होता. 24 जूनला दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झालं. आता गंमत बघा, म्हणजे गंमत म्हणण्यासारखी नाहीच: पाण्याचा टँकर डिझेलवर चालतो, जनरेटर डिझेलवर चालतो. सरकार टाळून जगण्याची आमची जी सोय होती तिचा खर्च सरकारच्या तंगीनेच वाढवला. जुलैच्या अखेरीस व्हॅट पूर्ववत झाला आणि डिझेल लिटरमागे आठ रुपयांहून जास्त उतरलं.

महापालिकेची अवस्था आणखी वाईट होती. 2012मध्ये दिल्ली महापालिकेचे उत्तर, दक्षिण आणि पूर्व असे तीन तुकडे झाले. श्रीमंत वसाहती दक्षिणेकडे आल्या, त्यामुळे मालमत्ता करही तिकडे. द्वारका दक्षिणेच्या नजफगढ झोनमध्ये, म्हणून आमच्या सफाई कामगारांचे हाल त्या मानाने कमी. उत्तर आणि पूर्वेकडे मात्र पगार महिनोन्महिने थकत. ऑक्टोबर 2020मध्ये उत्तर महापालिकेच्या हिंदूराव रुग्णालयातले डॉक्टर थकलेल्या पगारासाठी रस्त्यावर उतरले. महामारीच्या ऐन मध्यात! 22 मे 2022ला तिन्ही महापालिका पुन्हा एक झाल्या आणि प्रभाग 272चे 250 झाले. पुन्हा एकदा लोकांना विचारायची पाळी आली की आपला प्रभाग आता कोणता आणि नगरसेवक कोण.

अशा वेळी स्थानिक बातमी ही चैनीची वस्तू राहत नाही. पण तीच आधी मरते. परिसराच्या पुरवण्या जगतात त्या शिकवण्या, शाळाप्रवेश, फर्निचर आणि घरविक्रीच्या जाहिरातींवर. मंदीत जाहिराती आटतात, पानं कमी होतात, आणि ज्या महिन्यात वाचकाला सर्वांत जास्त माहिती हवी त्याच महिन्यात छापायला जागा उरत नाही. मग ही माहिती रहिवासी संघटनांनी पोचवावी म्हणावं, तर 2000 साली तेव्हाच्या मुख्यमंत्री शीला दीक्षितांनी ‘भागीदारी’ योजना आणली, या संघटनांना अधिकाऱ्यांसमोर खुर्ची मिळाली. चांगलं झालं. तरी या संघटना मुख्यतः घरमालकांच्या आहेत. भाडेकरू त्यांत अर्धामुर्धा, आणि कामवाल्या, गार्ड, फेरीवाले तर नाहीतच. जून 2020मध्ये फेरीवाल्यांसाठी 10,000 रुपयांच्या कर्जाची पीएम स्वनिधी योजना आली. आठवडी बाजार तेव्हा बंद होते. ते ऑगस्टच्या अखेरीस, तेही आधी चाचणी म्हणून, सुरू झाले. बाजारात पथारी लावणाऱ्याला कर्जाची माहिती कोणी द्यायची, हे कोणत्याच संघटनेच्या कामाच्या यादीत नव्हतं.

महाराष्ट्रातल्या जुन्या श्रोत्यांना 1972चा दुष्काळ आठवत असेल. खडी फोडायचं काम कुठे निघालं, सुकडी कुठे वाटताहेत, पाझर तलाव कोणत्या शिवारात, हे गावात दवंडीने कळायचं. त्या काळाचं मला कौतुक करायचं नाही, माणसं फार सोसत होती. पण कोतवाल सगळ्या आळ्यांतून फिरायचा, आणि ऐकायला फोन लागत नव्हता.

बातमी पोचण्या-न पोचण्याचं शाळांतलं एक उदाहरण देते. 2021मध्ये दिल्लीत दोन लाखांहून अधिक मुलं खाजगी शाळा सोडून सरकारी शाळांत आली, असं सरकारने सांगितलं. द्वारकेतली मुलंही त्यात होती. फी थकली म्हणून कित्येक खाजगी शाळा शाळा सोडल्याचा दाखला अडवून ठेवत होत्या. त्याच उन्हाळ्यात शिक्षण खात्याने जाहीर केलं की दाखला नसला तरी प्रवेश द्या, तो आम्ही मागवून घेऊ. ज्या पालकांना हे कळलं त्यांच्या मुलाला सरकारी शाळेत प्रवेश मिळाला. ज्यांना कळलं नाही ते फीचे हप्ते पाडून मागत फिरत होते. निर्णय दोघांसाठी एकच होता.

म्हणून माझं मागणं छोटं आहे. मंदीत नवी योजना काढणं सरकारला परवडेल न परवडेल. आहे त्या योजनेचा पत्ता सांगायला फारसा पैसा लागत नाही. द्वारकेत हे काम सोसायट्यांच्या फाटकावर होऊ शकतं. आतल्या नोटीस बोर्डावर नव्हे, बाहेरच्या भिंतीवर. इंग्रजीत नव्हे, हिंदीत, ठळक अक्षरांत. जवळचं रेशन दुकान, मजूर नोंदणीचं कार्यालय, सरकारी दवाखाना आणि त्याची वेळ, प्रभागाचा नंबर. महिन्यातून एकदा ते तपासायचं काम समितीतल्या एकाने अंगावर घ्यावं. दिवाळीच्या रोषणाईच्या वर्गणीतला एक भाग त्याला पुरेल. पुण्यात, नागपुरात, ठाण्यात जे श्रोते आहेत त्यांनीही आपल्या फाटकाकडे एकदा पाहावं.

दिल्लीत राहणाऱ्या श्रोत्यांनी तीन नंबर लिहून घ्यावेत आणि आपल्या घरी काम करणाऱ्यांनाही द्यावेत. पाण्याच्या तक्रारीसाठी दिल्ली जल बोर्ड, 1916. कचरा आणि सफाईसाठी महापालिका, 155305. रेशनसाठी 1967. नंबर लागला नाही तर पुन्हा लावा, आणि तक्रारीचा क्रमांक मागून घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.