जन्मसिद्ध संपत्ती आणि कराचा न्याय

(बुद्धविहारातील कौटुंबिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कर हा विषय रुक्ष आहे, तो व्यापाऱ्यांनी आणि हिशेबनिसांनी पाहावा, असा आपल्या लोकांचा समज आहे. तो समज मोडावा एवढ्याचसाठी मी आज उभा आहे. शिष्यवृत्तीचा हप्ता लांबला, वसतिगृह अपुरे पडले, म्हणजे 'तिजोरीत पैसा नाही' असे उत्तर आपल्याला ऐकावे लागते. तो पैसा कोणाकडून घेतला जातो आणि कोणाला सोडले जाते, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. राज्यघटनेच्या २६५ व्या कलमाप्रमाणे कायद्याच्या आधारावाचून कोणताही कर बसविता येत नाही. आणि कायदा करणारे प्रतिनिधी आपल्या मतांवर निवडून येतात.

करातील समता म्हणजे काय, ते प्रथम पाहू. एका कुटुंबाची मासिक प्राप्ती १५ हजार रुपये आहे, दुसऱ्याची १५ लाख. दोघांकडूनही दहावा हिस्सा घेतला तर वरवर न्याय झाल्यासारखे दिसेल. परंतु पहिल्या घरातून गेलेले १,५०० रुपये म्हणजे मुलीची वह्यापुस्तके आणि म्हातारीचे औषध होय. दुसऱ्या घरातून दीड लाख गेले तरी तेथील एक ताटही उणे होत नाही. म्हणून प्राप्ती जसजशी वाढेल तसतसा कराचा दरही चढला पाहिजे. यालाच पुरोगामी कर म्हणतात.

हा विचार आपल्याला परका नाही. सरकारी अर्थकारण हा बाबासाहेबांच्या अध्ययनाचाच विषय होता. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. १९२७ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी नेमक्या या अन्यायावर बोट ठेवले. ज्याची प्राप्ती नाही त्याच्याकडून सरकार आयकर मागत नाही. शेतसारा मात्र लहानमोठ्या प्रत्येक शेतकऱ्याकडून, त्याची प्राप्ती न पाहता, वसूल होतो. हा कसला न्याय, असा त्यांचा प्रश्न होता.

पुढे न्यायालयानेही हे तत्त्व मान्य केले. त्रावणकोर-कोचीनच्या जमीनकर कायद्याने जमीन सुपीक असो की रानवट, एकरी २ रुपये असा सरसकट कर लादला होता. १९६० साली मूपिल नायर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या १४ व्या कलमाच्या आधारे तो अवैध ठरविला. असमानांना एकाच मापाने मोजणे हीही विषमताच होय. दाद मागणारे तेथे मोठे जमीनमालक होते, ही गोष्ट खरी; परंतु तत्त्व त्यामुळे खोटे ठरत नाही.

तथापि न्यायालय अन्याय्य कर रद्द करू शकते. श्रीमंतांवर कर बसवा, अशी आज्ञा ते करू शकत नाही. संपत्तीचे केंद्रीकरण होऊ नये, असे ३९ वे कलम सांगते. परंतु मार्गदर्शक तत्त्वांची अंमलबजावणी न्यायालयामार्फत करून घेता येणार नाही, असे ३७ वे कलम सांगते. म्हणजे हे काम शेवटी कायदेमंडळाचे, पर्यायाने मतदारांचे आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. जन्मावरून माणसाची किंमत ठरविणे आपण धम्मदीक्षेने नाकारले. मग तोच प्रश्न संपत्तीच्या बाबतीत का विचारू नये? ज्याने कमावले त्याने निदान काही खटपट केली असेल. त्याच्या वारसाने जन्म घेण्यापलीकडे काय केले? एका मुलाच्या वाट्याला जन्मतः शेकडो कोटी आणि दुसऱ्याच्या वाट्याला बापाचे कर्ज, अशी सुरुवात असेल तर संधीची समानता हा शब्द पोकळ ठरतो.

हा प्रश्न विचारणारे कायदे आपल्या देशात होते. १९५३ साली मृताच्या मालमत्तेवर कर बसविणारा कायदा झाला. १९५७ साली संपत्तीकर आणि १९५८ साली देणगीकर आला. मरणापूर्वीच मालमत्ता मुलांच्या नावे करून कर चुकवू नये, यासाठी देणगीकराचे कुंपण होते. आज यांपैकी एकही उरलेला नाही. वारसाकर १९८५ साली, देणगीकर १९९८ साली आणि संपत्तीकर २०१५ साली गेला.

ते का गेले? वारसाकराचे वार्षिक उत्पन्न सुमारे २० कोटी रुपये, संपत्तीकराचे २०१३-१४ साली सुमारे १,००८ कोटी. वसुलीचा खटाटोप मोठा आणि प्राप्ती थोडी, असे कारण देण्यात आले. त्यात तथ्य होते. १९७३-७४ साली आयकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्के झाला होता. इतका दर लोक भरीत नाहीत, चुकवितात; १९७१ च्या वांछू समितीनेही अतिउच्च दर हे करचुकवेगिरीचे एक कारण मानले होते. परंतु दुसरी बाजूही पाहा. १९९३ पासून शेअर आणि अन्य उत्पादक मालमत्ता संपत्तीकरातून वगळण्यात आली. कोट्यधीशांची मुख्य संपत्तीच वगळल्यावर कराचे उत्पन्न कोठून येणार? गळक्या घागरीत पाणी राहत नाही म्हणून विहीरच बुजवावी, असा हा न्याय झाला. संपत्तीकर काढून १ कोटीहून अधिक उत्पन्नावर २ टक्के जादा अधिभार लावण्यात आला. पण शेअर न विकता नुसते बाळगणाऱ्याचे उत्पन्न कागदावर थोडेच दिसते!

परिणाम आपल्यासमोर आहे. वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे २०२२-२३ मध्ये देशाच्या उत्पन्नापैकी २२.६ टक्के आणि संपत्तीपैकी ४०.१ टक्के वाटा वरच्या एक टक्का लोकांकडे होता. उलट वस्तू व सेवा कर प्रत्येकाला सारखा आहे. सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेत साबणाच्या वडीवरील दर १८ वरून ५ टक्क्यांवर आला, हे चांगलेच झाले. तरीही ती वडी सफाई कामगाराने घेतली काय किंवा कारखानदाराने घेतली काय, कर तेवढाच.

आपल्यापैकी काही भगिनी विचारतील, 'पोटाला चिमटा काढून दोन खोल्यांचे घर उभे केले, तेही मुलांना द्यायचे नाही काय?' अवश्य द्यावे. वारसाकराची करमुक्त मर्यादा एवढी उंच असावी की कष्टकऱ्याच्या घराला, शेताला आणि भविष्यनिर्वाह निधीला त्याचा स्पर्शही होऊ नये. वरच्या टप्प्यांवर दर चढावेत. पण ते वसूल होतील असे असावेत. जपानमध्ये हा कर १९०५ पासून चालू आहे, आणि तेथे वरचा दर ५५ टक्के आहे. श्रीमंत देश सोडून जातील, अशी भीती घातली जाते. जमीन आणि इमारती तर कोठे जात नाहीत. शिवाय बाजारात खरेदी-विक्री होणाऱ्या शेअरची आज संगणकावर नोंद असते; त्यांचे मूल्य ठरविणे १९५३ पेक्षा सोपे झाले आहे.

तेव्हा मत मागण्यास येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला तीन प्रश्न विचारा. मोठ्या वारशावर कर लावण्यास तुमची संमती आहे काय? त्यातून पळवाटा ठेवणार नाही, असे वचन देता काय? आलेला पैसा शिक्षण आणि आरोग्य यांवर खर्च कराल काय? आणि घरी मुलांना अंदाजपत्रक वाचावयास शिकवा.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो. जय भीम.