आधी यादी, मग यंत्र



एखादी संस्था शंभर संगणक घेते. सगळ्यांवर तीच प्रणाली हवी, तेच प्रोग्राम हवेत. अशा वेळी कुणी शंभर ठिकाणी बसून प्रोग्राम टाकत नाही. संपूर्ण डिस्कची एकच फाइल तयार होते आणि ती सगळीकडे उतरवली जाते. या फाइलीला इमेज म्हणतात. डेटा सेंटरमधले सर्व्हर, घरातले राउटर, कितीतरी यंत्रं अशाच इमेजमधून उभी राहतात. आज मला एकच प्रश्न मांडायचा आहे: या इमेजच्या आत नेमकं काय आहे, हे सांगणार कोण?

इमेज तयार करण्याची जुनी रीत आज्ञांची आहे. हे पॅकेज टाक, मग ते टाक, ही फाइल बदल, अशा कमांड एका स्क्रिप्टमध्ये ओळीने लिहायच्या आणि चालवायच्या. पहिल्या दिवशी हे उत्तम चालतं. पुढे एक पॅकेज नको झालं म्हणून आपण स्क्रिप्टमधली ती ओळ खोडतो. पण तयार यंत्रावर पुन्हा स्क्रिप्ट चालवली, तरी ते पॅकेज जागचं हलत नाही. टाकायची आज्ञा नाही याचा अर्थ काढायची आज्ञा आहे असा होत नाही. मध्येच कुणीतरी घाईत हाताने एक दुरुस्ती करतं, ती कुठेच नोंदली जात नाही. वर्ष सरता सरता जुळी म्हणून निघालेली यंत्रं वेगवेगळी होतात, आणि त्यांच्यात फरक कशाने पडला हे कुणालाच सांगता येत नाही.

दुसरी रीत घोषणेची. इथे 'काय कर' असं न लिहिता 'काय असावं' ते लिहायचं. एका फाइलीत पॅकेजेसची यादी असते, आणि इमेज बांधणारं साधन रिकाम्या जागेपासून सुरुवात करून त्या यादीबरहुकूम प्रणाली उभी करतं. लिनक्सच्या जगात एमकेओएसआय हे साधन असंच काम करतं. छोट्या उपकरणांसाठी योक्टो प्रकल्प आहे. नेदरलँड्समधल्या युट्रेख्ट विद्यापीठात एल्को डॉल्स्ट्रा यांनी २००३ साली निक्स हे असंच साधन सुरू केलं आणि २००६ च्या आपल्या पीएच.डी. प्रबंधात त्यामागचा विचार सविस्तर मांडला. त्यावर उभ्या असलेल्या निक्सओएसमध्ये संपूर्ण प्रणालीचंच वर्णन लिहिलेलं असतं. यादीतून ओळ काढून प्रणाली पुन्हा बांधली, की नव्या प्रणालीत ते पॅकेज नसतं. जुनी प्रणालीही शाबूत राहते. काही बिघडलं तर संगणक सुरू होताना तीच निवडून मागे जाता येतं.

जमीन कुणाची, हे आपण सातबाऱ्यावर पाहतो. पण तिथे व्यवहार आधी होतो, फेरफार मागाहून येतो, आणि मधल्या काळात कागद एक सांगतो, शेत दुसरं. घोषणेच्या रीतीत क्रम उलटा आहे. नोंद आधी, यंत्र नंतर. नोंदीतूनच यंत्र जन्माला येत असल्यामुळे दोघांत अंतर पडायला वाव फार थोडा उरतो.

मात्र नुसत्या नावांची यादी पुरत नाही. 'वेब सर्व्हर हवा' एवढंच लिहिलं, तर आज एक आवृत्ती मिळेल आणि सहा महिन्यांनी दुसरी. शिवाय एका पॅकेजच्या पाठोपाठ त्याला लागणारी इतर अनेक पॅकेजेस येतात, ज्यांची नावं आपण लिहिलेलीच नसतात. म्हणून आवृत्त्याही पक्क्या कराव्या लागतात. डेबियन हा लिनक्स प्रकल्प आपल्या पॅकेज भांडाराच्या तारीखवार प्रती २००५ पासून जपून ठेवतो. त्यातली एक तारीख धरली, की त्या दिवशीचंच भांडार वापरता येतं. निक्समध्ये आवृत्त्या पक्क्या करणारी लॉक फाइल असते, आणि मुळातून आणलेल्या प्रत्येक गोष्टीचा हॅश, म्हणजे तिच्या आशयावरून काढलेली खूण, तपासली जाते.

याच्याही पुढची पायरी म्हणजे दोन माणसांनी दोन ठिकाणी एकाच यादीवरून बांधलेली इमेज बिट न् बिट सारखी येणं. हे दिसतं तितकं सोपं नाही. बांधणीची वेळ फाइलीत उतरते, फाइलींचा क्रम यंत्रागणिक बदलतो. डेबियनमधल्या मंडळींनी २०१३ पासून अशा कारणांचा एकेक करून पाठपुरावा चालवला आहे. हे साधलं, की इमेज बांधणाऱ्याच्या शब्दावर विसंबायची गरज उरत नाही. दुसरा कुणीही ती बांधून पडताळू शकतो.

इमेजच्या आत काय आहे, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नाही. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने जाहीर केलं, की एक्सझेड या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पॅकेजच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी चोरदरवाजा ठेवला आहे. दुरून यंत्रात शिरण्याच्या एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा शोध घेताना ते तिथवर पोहोचले होते. त्या दिवशी जगभरच्या व्यवस्थापकांपुढे पहिला प्रश्न होता: आपल्या कोणत्या यंत्रात ही आवृत्ती आहे? घोषणेच्या रीतीने तो चोरदरवाजा टळला असता, असा दावा मी करणार नाही. पण ज्यांच्याकडे आवृत्त्यांसह यादी होती, त्यांना उत्तर कागदावरच मिळत होतं. बाकीच्यांना एकेक यंत्र उघडून पाहण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

या रीतीला मर्यादा आहेत. डेटाबेसमधली माहिती यादीत बसत नाही, तिची वेगळी राखण करावी लागते. पासवर्ड इमेजमध्ये कधीच जाऊ नयेत. आणि 'आत्ता पटकन हाताने दुरुस्त करतो' ही सवय सोडावी लागते. ती सोडणं सर्वांत अवघड आहे.

तरीही माझा आग्रह स्पष्ट आहे. शाळा, रुग्णालयं, नगरपालिका यांच्यासाठी जनतेच्या पैशातून ज्या प्रणाली घेतल्या जातात, त्यांच्या करारात एक कलम असावं: इमेजबरोबर तिची यादी, पक्क्या केलेल्या आवृत्त्या आणि बांधणीच्या सूचनाही द्याव्यात, आणि वर्षातून एकदा, पुरवठादाराच्या मदतीशिवाय, त्यांवरून ती इमेज पुन्हा बांधून दाखवावी. ज्या प्रणालीची अशी फेरबांधणी होऊ शकत नाही, ती आपण विकत घेतली असली तरी आपल्या ताब्यात आलेली नाही.