आता या वयात काय शिकायचं?

(मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



चिटणीसांनी मला विषय दिला 'उतारवयातील मनःस्वास्थ्य आणि शिक्षण'. मी डॉक्टर नाही. आयुष्यभर बँकेत आकडे जुळवले. पण मधल्या काळात माझ्या स्वतःच्या मनाचा हिशेब बिघडला होता आणि तो हळूहळू जुळत आला. तेवढ्याच अधिकारावर चार शब्द बोलतो.

पत्नी गेल्यावर वर्षभर मी घराबाहेर पडायचो ते दूध आणायला आणि वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायला. मुलगी पुण्याला, मुलगा कॅनडात. दोघांचे रोज फोन येत. "जेवलात का?" "जेवलो." याच्या पुढे बोलणं सरकत नसे. पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. मग उजाडेपर्यंत झोपाळ्यावर. रडू कधी आलं नाही, त्यामुळे मी ठीक आहे असंच मला वाटे. गुडघे दुखतात, पोट साफ नाही, माणसांची नावं आठवत नाहीत, एवढ्याच काय त्या तक्रारी. सगळ्या तपासण्या झाल्या आणि आमच्या डॉक्टरांनी विचारलं, "काका, दिवसभर करता काय?" मी म्हटलं, "काही नाही." त्यांनी मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. मी औषध घेतलं. हे मुद्दाम चारचौघांत सांगतो, कारण आपल्याकडे रक्तदाबाची गोळी सगळ्यांना दाखवून घेतात आणि ही मात्र कपाटात लपवतात.

म्हातारपणातलं नैराश्य पुष्कळदा असंच येतं. माणूस 'मी दुःखी आहे' म्हणत नाही. तो चिडचिड करतो, जेवण कमी करतो, दुखणी सांगतो, विसरायला लागतो. घरच्यांना वाटतं, वय झालं. म्हणून आधी डॉक्टर. नवीन काही शिकणं ही औषधाच्या जागी घ्यायची गोष्ट नव्हे. सरकारची 'टेलीमानस' म्हणून फुकट सेवा आहे. 14416 हा नंबर फिरवला की बोलायला माणूस मिळतं. स्मरणिकेच्या या पानाची घडी घालून ठेवा.

औषधाने झोप आली, पण दिवस रिकामाच राहिला. शिकणं कामाला आलं ते तिथे. आमच्या माळ्यावर पणजोबांची ट्रंक होती. ते गायकवाडांच्या राज्यात अमरेलीकडे वहिवाटदार कचेरीत कारकून होते. ट्रंकेत मोडीतले कागद. तीन पिढ्या आम्ही ते दर दिवाळीला झाडले आणि परत ठेवले, वाचले कोणीच नाहीत. एका निवृत्त गृहस्थांनी आम्हा पाच जणांना घरी मोडी शिकवायचं कबूल केलं. मी वही-बोरू घेऊन निघालो तेव्हा शेजारच्या बेन हसून म्हणाल्या, "काका, हवे आ उंमरे?"

पहिले दोन महिने मलाही तेच वाटत होतं. मोडीत आधी आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं टांगत जायची. हात उचलायचा नाही. दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. कुठे शब्द संपला ते अर्थावरून ओळखायचं, आणि अर्थ कळायला आधी शब्द सापडायला हवा! ज्याने चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या, त्याला पहिलीतल्या पोरासारखं खोडून लिहावं लागत होतं. पण तिसऱ्या महिन्यात लक्षात आलं की मंगळवार आणि शुक्रवार कधी येतो याची मी वाट बघतो. मुलीच्या फोनवरही काहीतरी सांगण्यासारखं असायचं.

असं का होतं, याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत डॅलसला डेनिस पार्क यांच्या चमूने साठ ते नव्वद वयाच्या लोकांना तीन महिने, आठवड्याला सुमारे पंधरा तास, डिजिटल फोटोग्राफी किंवा गोधडीकाम शिकायला लावलं. दुसऱ्या गटाने नुसत्या गप्पा आणि सहली केल्या, तिसऱ्याने घरी शब्दकोडी सोडवली, संगीत ऐकलं. स्मरणशक्तीत फरक दिसला तो अवघड, नवं काही शिकणाऱ्यांत. म्हणजे येतं तेच रोज केल्याने फारसं होत नाही, न येणाऱ्या गोष्टीशी झटावं लागतं. लॅन्सेटच्या 2024च्या अहवालात स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणं दिली आहेत. त्यांत एकटेपणा आहे, नैराश्य आहे, आणि कमी ऐकू येणं, कमी दिसणंही आहे. आपल्या भिशीत, भजनात एखादे काका गप्प बसू लागले की आपण म्हणतो, तुसडे झाले. बहुतेकदा त्यांना ऐकूच येत नसतं. कानाचं यंत्र लावायला लाजू नका आणि मोतीबिंदू पिकायची वाट बघू नका.

बडोद्याच्या माणसाने तर 'या वयात' म्हणूच नये. कवळाण्याहून आलेला बारा वर्षांचा मुलगा इथे गादीवर बसला तेव्हा त्याची अक्षरओळखही नव्हती. त्या सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, 1910 मध्ये अमेरिकेहून बोर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं उभारलं आणि गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. पंडित सातवळेकर मूळचे चित्रकार. वेदांच्या अभ्यासात रमले आणि 1948 साली, ऐंशी ओलांडल्यावर, औंध सोडून आपल्या गुजरातेत पारडीला आले. पुढची वीस वर्षं तिथेच काम करत राहिले. आणि पंडितच कशाला? मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात 8 मार्च 2016 रोजी योगेंद्र बांगर गुरुजींनी आजीबाईंची शाळा काढली. गुलाबी लुगडं, पाठीला दप्तर, वय साठ ते नव्वद. अंगठ्याऐवजी सही करता येणं ही त्या आज्यांची कमाई.

आपल्या काकूंना मात्र एक विचारायचं आहे. गाणं, संस्कृत, चित्रकला, जे 'घरचं आवरू दे, मग बघू' म्हणून ठेवलं होतं, ते घर अजून आवरलं नाही का?

मंडळाला माझी विनंती साधी आहे. वर्ग दुपारी चारला ठेवा, रात्री नको. तळमजल्यावर, हात असलेल्या खुर्च्या, फळ्यावर मोठी अक्षरं. परीक्षा नको. येण्याजाण्याला दोघा-तिघांत एक रिक्षा ठरवून द्या. आणि कोणी लागोपाठ दोनदा आलं नाही तर फोनवर न विचारता घरी जा. माझ्याकडे त्या वर्षी कोणी आलं असतं तर बरं झालं असतं.

ट्रंकेतलं एक पत्र मी चार महिन्यांत अकरा ओळी वाचलं. छप्पनिया दुष्काळातलं, पणजोबांनी वडील बंधूंना लिहिलेलं. बैलांच्या वैरणीची चौकशी, धान्य जपून वापरा, आणि मग एक ओळ, रात्री झोप येत नाही. नातवाला व्हिडिओ कॉलवर ती वाचून दाखवली. तो म्हणाला, "आजोबा, मग पुढे काय लिहिलंय?" पुढचा शब्द मला अजून लागलेला नाही. कागदाची झेरॉक्स खिशात आहे. कोणाला मोडी येत असेल तर चहाच्या वेळी गाठा.

गणपती बाप्पा मोरया!