डबे मधोमध उघडू
ताई-मावश्यांनो, मागच्या बैठकीत व्याजाचा हिशोब मी तीनदा सांगितला, कुणाच्या डोक्यात राहिला नाही. जेवताना भाकरीचा खरपूस वास सुटला आणि एका मावशीनं चतकोर-चतकोर मांडून तोच हिशोब शेजारणीला समजावला!

मूळ ऐतवडे बुद्रुकच्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं. तिथं सगळ्या जातींची पोरं एकत्र रांधायची, एका पंगतीत जेवायची, शिकायची. पोरांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडलं.

आपल्यात अजून दोघी डबा घेऊन दाराशीच बसतात. का, ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी वयानं लहान, बोलायला अवघड जातं. पण पुढच्या बैठकीत डबे मधोमध उघडायचे. आधी त्या दोघींचे.